शिंपले खाल्ले आणि आठवण गेली : डोमोइक ॲसिड, कॅनडा 1987

नोव्हेंबर 1987 चा शेवट. कॅनडात, मुख्यतः क्वेबेक प्रांतात, एकामागून एक लोक उलट्या होतायत म्हणून डॉक्टरकडे यायला लागले. पोटात मुरडा, जुलाब, आणि डोकं असं दुखतंय की उभं राहवत नाही. एवढंच असतं तर कोणी फार लक्ष दिलं नसतं, बाहेरचं काहीतरी बाधलं म्हणून सोडून दिलं असतं, पण त्यातले काही जण एक-दोन दिवसांत गोंधळल्यासारखे वागायला लागले, काहींना फिट आल्या, काही कोमात गेले. आणि जे शुद्धीवर होते त्यातल्या काहींना थोड्या वेळापूर्वी काय झालं तेच आठवेना. पोट बिघडल्यावर आठवण जाते हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट कॉमन निघाली. जेवणात मसल्स होते, म्हणजे ते काळपट निळ्या कवचाचे लांबट शिंपले. आपल्याकडे गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात ते हिरव्या कवचाचे, हे त्यांचे थंड पाण्यातले भाऊबंद. मी कोकणातला, तिसऱ्यांच्या आमटीवर वाढलेला, त्यामुळे हे प्रकरण कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मनात रुतून बसलं, नंतर फार्माकॉलॉजी शिकवायला लागल्यावर दर वर्षी वर्गात हेच सांगतो, आणि आज जरा सविस्तर लिहायचं ठरवलं कारण समुद्री शैवालाचं विष म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर फक्त लाल झालेलं पाणी येतं.

आधी आकडे. आरोग्य खात्याकडे 250 च्या वर तक्रारी आल्या. तपास करणाऱ्यांनी व्याख्या ठरवली की मसल्स खाल्ल्यापासून 24 तासांत पोटाचा त्रास किंवा 48 तासांत मेंदू-मज्जातंतूचा त्रास झाला असेल तरच ती केस धरायची. या चाळणीतून 107 पेशंट उरले. त्यातल्या 76 टक्क्यांना उलट्या, निम्म्यांना पोटात मुरडा, 42 टक्क्यांना जुलाब, 43 टक्क्यांना ती भयंकर डोकेदुखी, आणि 25 टक्क्यांची अलीकडची आठवण गेलेली. 19 जण ॲडमिट झाले, त्यातले 12 आयसीयूत. तिथे फिट, कोमा, वरखाली होणारं ब्लड प्रेशर, आणि श्वासनलिकेत एवढा स्राव की सारखं सक्शन करावं लागायचं. पहिल्या मोजणीत 3 मृत्यू, नंतरचा एक धरला तर 4. पुरुषांना आणि वय जास्त असलेल्यांना धोका जास्त दिसला. तरुणांपैकी जे गंभीर झाले त्यांना बहुतेक आधीचंच काहीतरी होतं, किडनीचा आजार, डायबेटिस असं. हा किडनीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिंपल्यांचा माग काढत गेले तेव्हा सगळे धागे प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, कार्डिगन बेच्या आसपासच्या तीन नद्यांच्या मुखांशी येऊन थांबले. हा कॅनडाचा सगळ्यात छोटा प्रांत, लाल माती, बटाट्याची शेती आणि मासेमारी. तिथे मसल्सची शेती नवीनच जोमात आलेली होती, पाण्यात लांब दोर ताणायचे आणि त्यांना शिंपल्यांनी भरलेल्या जाळीच्या नळ्या टांगायच्या. पाणी स्वच्छ दिसत होतं. शिंपले ताजे, जिवंत, वास चांगला, चव चांगली. शिंपल्यांना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं.

आता इथे खरी अडचण सुरू झाली. नेहमीचे संशयित तपासून झाले, बॅक्टेरिया, व्हायरस, जड धातू, कीटकनाशकं, काहीच जुळेना. शिंपल्यांच्या विषाची एक जुनी टेस्ट होती, ती सॅक्सिटॉक्सिनसाठी, म्हणजे ज्या विषाने ओठ बधिर होतात आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्या टेस्टमध्ये शिंपल्याचा अर्क काढून उंदराच्या पोटात टोचतात आणि घड्याळ लावून बघत बसतात. सॅक्सिटॉक्सिन असेल तर उंदीर काही मिनिटांत मरतो. या शिंपल्यांच्या अर्काने तसं झालं नाही. उंदीर मागच्या पायाने आपला खांदा खाजवायला लागले. थांबेचनात. नंतर त्यांना झटके आले आणि मग ते मेले, पण सॅक्सिटॉक्सिनपेक्षा बऱ्याच उशिरा.

मला या सगळ्या प्रकरणात ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. टेस्ट ज्या विषासाठी होती ते विष नव्हतं, म्हणजे कागदावर निगेटिव्ह लिहून मोकळं होता आलं असतं. पण उंदराकडे बघणाऱ्या माणसांनी खाजवणं बघितलं, ते वेगळं आहे हे ओळखलं आणि लिहून ठेवलं. त्या क्षणापासून ती खाजच टेस्ट झाली, म्हणजे कुठल्याही अर्काने उंदीर तसा खाजवला की विष त्या अर्कात आहे. दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे पेशंटच्या घरी जे शिंपले खायचे उरले होते ते मिळवले. माणसाने खाल्लेल्या त्याच खेपेचा माल लॅबमध्ये आला. हे नसतं तर बाजारातले दुसरेच शिंपले तपासत बसले असते आणि काहीच सापडलं नसतं, कारण दुसऱ्या ठिकाणचे शिंपले ठणठणीत होते. वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरांना वाटतं मोठं मशीन महत्त्वाचं, मशीन होतंच, पण मशीनमध्ये काय घालायचं ते या दोन गोष्टींनी ठरवलं.

मशीनचं काम हॅलिफॅक्सला झालं, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या लॅबमध्ये. डिसेंबरच्या मध्यावर तिथल्या केमिस्ट आणि बायोलॉजिस्ट लोकांनी रात्रंदिवस काम करून 104 तासांत उत्तर काढलं. पाच दिवससुद्धा पूर्ण नाही. पद्धत समजायला सोपी आहे, करायला भयंकर मेहनतीची. विषारी शिंपले एका बाजूला, चांगले शिंपले दुसऱ्या बाजूला, दोन्हींवर तंतोतंत सारखी प्रक्रिया. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, ज्या भागाने उंदीर खाजवेल तो ठेवायचा, बाकीचे बाजूला, मग त्या भागाचे परत भाग. असं करत करत विष पाण्यात विरघळणाऱ्या भागात आहे हे कळलं, मग एका भागात एकच पदार्थ उठून दिसायला लागला जो चांगल्या शिंपल्यात नव्हताच. त्याचं वजन, त्याची रचना काढली, आणि नाव आलं डोमोइक ॲसिड.

नाव आल्यावर आनंदाबरोबर शंकाही आली असणार, कारण हा पदार्थ नवीन नव्हता. जपानमध्ये 1958 साली एका लाल समुद्री शेवाळातून तो वेगळा काढलेला होता. त्या शेवाळाला तिकडच्या बेटावरचे लोक दोमोई म्हणतात, त्यावरून नाव. आणि तिथे तो शेवाळ कशासाठी वापरायचे तर पोटातले जंत पाडायला. म्हणजे ज्याने कॅनडात माणसं कोमात गेली तेच जपानमध्ये औषध. साधारण 20 मिलिग्रॅमचा डोस देऊन काही त्रास झाल्याची नोंद नव्हती.

मग हिशोब करून बघा. पेशंटच्या घरच्या उरलेल्या शिंपल्यांत 100 ग्रॅम मांसात 31 ते 128 मिलिग्रॅम डोमोइक ॲसिड निघालं. एका माणसाने 200 ग्रॅम मांस खाल्लं, जे एका भरल्या ताटात आरामात होतं, तर वरच्या आकड्याने 250 मिलिग्रॅमच्या पुढे गेला. जंताच्या डोसच्या बारा पट. शिवाय खाणारा सत्तरीचा, किडनी थकलेली. हे विष शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतं, तरुण माणसाची किडनी ते लवकर काढून टाकते, म्हाताऱ्या माणसात ते रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि मेंदूत शिरायला त्याला वेळ मिळतो. आकडेवारीत वय का दिसलं त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

शिजवल्यावर जात नाही का, हा प्रश्न दरवर्षी येतोच. नाही जात. उकळा, भाजा, फ्रीझरमध्ये ठेवा, रेणू तसाच राहतो. उकळताना थोडं पाण्यात उतरतं, म्हणजे रस्सा प्यायलात तर तेही पोटात. चवीला कळत नाही, वासाला कळत नाही.

आता ते मेंदूत काय करतं ते नीट सांगतो कारण हे प्रकरण फार्माकॉलॉजीत टिकून राहिलं ते याच्यासाठी. आपल्या मेंदूत एक पेशी दुसऱ्या पेशीला "चल, काम कर" असा निरोप द्यायला ग्लुटामेट वापरते. निरोप दिला की ग्लुटामेट लगेच उचलून घेतलं जातं, बेल वाजवून बोट काढून घेतल्यासारखं. डोमोइक ॲसिडचा आकार ग्लुटामेटसारखा आहे, पण ते जास्त ताठ आहे आणि ठराविक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, ज्यांना केनेट रिसेप्टर म्हणतात, फार घट्ट बसतं. बोट बेलवरच राहतं. पेशी चेतत राहते, आत कॅल्शियम घुसत राहतं, आणि ती पेशी दमून नाही तर अक्षरशः अति चेतून मरते. या रिसेप्टरची दाटी जिथे जास्त आहे ती जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असलेला मेंदूचा छोटा तुकडा, आणि नव्या आठवणी साठवायचं काम त्याच्याकडे. म्हणून उलटी थांबल्यावर, माणूस बरा दिसायला लागल्यावर, आठवण मात्र परत येत नाही.

मरण पावलेल्या 4 जणांच्या मेंदूची तपासणी झाली त्यात हेच दिसलं, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या ॲमिग्डालातल्या पेशी मेलेल्या. केनिक ॲसिड नावाचा याचाच एक नातेवाईक रेणू आहे, तो उंदरांना टोचून प्रयोगशाळेत मुद्दाम फिट आणतात, त्या उंदरांच्या मेंदूत जो नकाशा दिसतो तसाच नकाशा या माणसांत.

जे वाचले त्यातल्या 14 जणांना न्यूरॉलॉजीवाल्यांनी बारकाईने तपासलं. काही महिन्यांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा 14 पैकी 12 जणांना नवीन काही लक्षात ठेवणं जमत नव्हतं. बाकीची बुद्धी बऱ्यापैकी शाबूत. हे डिमेन्शियासारखं नाही, म्हणजे बोलणं नीट, तर्क नीट, समोरचा माणूस काय म्हणतोय ते कळतंय, पण ते टिकत नाहीये. मला हे फार जिवाला लागतं. स्वतःची बुद्धी जागेवर असताना आपली आठवण गेलीये हे त्यांना किती वेळा नव्याने कळलं असेल. त्यातल्या 11 जणांच्या हातापायांच्या नसाही बिघडलेल्या होत्या. चौघांचं पेट स्कॅन केलं, मेंदूच्या आतल्या कानशिलाच्या भागात साखरेचा वापर कमी झालेला दिसला, म्हणजे तो भाग जवळजवळ गप्प.

उतारा नव्हता. आजही नाही. फिट थांबवायची औषधं, श्वासाला आधार, बीपी सांभाळणं, एवढंच हातात.

विष सापडलं पण ते शिंपल्यात आलं कुठून हा प्रश्न उरलाच. रेणू लाल शेवाळातला म्हणून तसल्या शेवाळाचा संशय येणं साहजिक होतं, पण शिंपले शेवाळाची पानं खात नाहीत. शिंपला पाणी आत ओढतो, गाळतो, त्यातले बारीक प्लवक खातो आणि पाणी सोडून देतो, दिवसभर, तासाला लिटर-दोन लिटरच्या हिशोबाने. घरच्या वॉटर फिल्टरची कॅन्डल जशी महिनाभरात गाळ धरते तसं. मग विषारी शिंपल्यांचं पोट उघडून बघितलं, ते गडद हिरवं होतं आणि मायक्रोस्कोपखाली जवळपास एकच जीव गच्च भरलेला. लांब सुईसारखा, टोकाला टोक चिकटवून साखळी केलेला डायटम. तेव्हाचं नाव निट्झ्शिया पंजेन्स, आता स्यूडोनिट्झ्शिया मल्टिसिरीज. कार्डिगन बेच्या पाण्यातही तोच मोठ्या प्रमाणात वाढलेला, म्हणजे ज्याला ब्लूम म्हणतात ते.

यावर विश्वास बसायला वेळ लागला, आणि ते रास्तच होतं. डायटम म्हणजे समुद्रातलं गवत, काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारा एकपेशीय जीव, सगळ्या माशांच्या अन्नाची सुरुवात तिथून. डायटम मज्जातंतूचं विष बनवतो हे तोपर्यंत कोणीच दाखवलेलं नव्हतं, विषारी म्हणून नाव होतं ते डायनोफ्लॅजेलेट नावाच्या दुसऱ्याच गटाचं. म्हणून तो डायटम वेगळा काढून लॅबमध्ये वाढवला. इथेही एक गंमतीशीर नाही पण महत्त्वाची अडचण आहे, पेशी भराभर वाढत असतात तेव्हा विष फारसं निघत नाही. वाढ थांबते, सिलिकासारखं काहीतरी संपत येतं पण नायट्रोजन आणि उजेड शिल्लक असतो, तेव्हा त्या डोमोइक ॲसिड बनवायला लागतात. म्हणजे तरुण कल्चर तपासून "यात काही नाही" असं म्हटलं असतं तर पुन्हा चूक झाली असती. थांबून, म्हातारं होऊ देऊन तपासलं तेव्हा 1988 मध्ये पक्कं झालं. ते बनवणारी जीन्स कोणती हे तर 2018 साली कळलं, तीस वर्षांनी.

मधल्या काळात कॅनडाने शिंपल्यांची विक्री थांबवली, लोकांना खाऊ नका म्हणून सांगितलं, आणि मग मर्यादा ठरवली ती एक किलो मांसात 20 मिलिग्रॅम डोमोइक ॲसिड. त्याच्या वर गेलं की तो भाग बंद. 1987 च्या त्या उरलेल्या शिंपल्यांत किलोला 310 ते 1280 होतं, यावरून अंदाज करा. हीच मर्यादा पुढे अमेरिकेने आणि युरोपनेही घेतली. उंदराच्या जागी एचपीएलसी आलं, म्हणजे अर्कातले पदार्थ वेगळे करून मोजणारं मशीन, आणि नुसते शिंपले नाही तर पाण्यातला डायटमही ठरलेल्या दिवशी मोजायला लागले, म्हणजे शिंपल्यात विष चढायच्या आधीच इशारा मिळतो. मसल्स शेतकऱ्यांना त्या हिवाळ्यात मोठा फटका बसला, पण हे मसल्स विष पटकन सोडतात, ब्लूम गेला की काही दिवसांत ते साफ होतात. सगळे शिंपले असे नसतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रेझर क्लॅम हेच विष कित्येक महिने, कधी वर्षभर धरून ठेवतात. त्यामुळे एका जातीचा नियम दुसरीला लावता येत नाही. पुढच्याच शरद ऋतूत त्याच भागात ब्लूम परत आला, आधीपेक्षा लहान, पण तोपर्यंत लक्ष ठेवणारी माणसं होती आणि माल बाजारात गेला नाही. 1987 एवढं मोठं माणसांचं प्रकरण त्यानंतर कुठेच झालेलं नाही.

प्राण्यांचं मात्र होतंय. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेला पेलिकन आणि पाणकावळे अँकोव्ही मासे खाऊन मेले, 1998 मध्ये त्याच किनाऱ्यावर 400 च्या वर सी लायन, वाळूवर फिट येऊन पडलेले. 2015 ला पश्चिम किनाऱ्यावर एवढा लांबच लांब ब्लूम झाला की खेकड्यांचा हंगाम पुढे ढकलावा लागला. त्यांना कोण सांगणार मासा खाऊ नका.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो कारण मेसेज फिरत असतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात ते नॉक्टिलुका, तो वेगळा जीव, डोमोइक ॲसिड बनवत नाही. आणि उलट, डोमोइक ॲसिडवाला ब्लूम चमकत नाही, बऱ्याचदा पाणी लालही होत नाही. कार्डिगन बेला डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. म्हणून पाण्याचा रंग बघून शिंपले घ्यायचे की नाही ते ठरवता येत नाही, पाणी आणि मांस मोजावंच लागतं.

शेवटी एका पेशंटबद्दल. 84 वर्षांचे गृहस्थ. मसल्स खाल्ले, उलट्या, गोंधळ, मग कोमा, फिट थांबता थांबेनात. औषधांनी हळूहळू आटोक्यात आलं, काही महिन्यांत फिट बंद झाल्या, आठवण तेवढी गेलेली राहिली. घरच्यांना वाटलं असणार की निदान एवढ्यावर निभावलं. बरोबर वर्षभराने त्यांना पुन्हा फिट यायला लागल्या, आता कानशिलाच्या भागातून उठणाऱ्या. ईईजीत दोन्ही बाजू बिघडलेल्या, एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला. शिंपले खाल्ल्यापासून सव्वातीन वर्षांनी न्यूमोनियाने ते गेले, आणि तपासणीत दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस वाळून कडक झालेला निघाला. विष त्यांच्या अंगातून पहिल्या काही दिवसांतच निघून गेलेलं होतं.